शेवाळे सरांचं ठाम वाक्य

हणमंतराव शेवाळे मूळचे कराडचे. कराडच्या माणसाला लखनौत इंग्रजी शिकवायला कुणी बोलावलं होतं, असं विचाराल, तर कुणीही नाही. त्यांच्या पत्नी विभाताई तिथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होत्या. नोकरी पक्की, क्वार्टर पक्कं, पेन्शन पक्कं. नवरा तेवढा हंगामी. म्हणजे नवरा म्हणून कायमच, पण मास्तर म्हणून हंगामी. एका खाजगी शाळेत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवत त्यांना नऊ वर्षं झाली होती आणि दर जुलैत त्यांच्या हातात एक वर्षाच्या नेमणुकीचा कागद पडे.

ही गोष्ट १९९६च्या मे महिन्यातली. त्या जूनच्या तीस तारखेला हणमंतराव पंचेचाळीस पुरे करणार होते, आणि पंचेचाळीस उलटलेल्या माणसाला कायम करायचं नाही असा शाळेच्या कमिटीचा नियम होता. म्हणजे यंदा झालं तर झालं, नाहीतर जन्मभर दर जुलैत कागदाची वाट बघा. विभाताई काही बोलत नसत. पण लेक जुई नववीत होती, फॉर्मवर वडिलांच्या नोकरीच्या रकान्यात तिने एकदा ‘टेम्पररी’ असं लिहिलं, आणि ते हणमंतरावांच्या काळजात जाऊन बसलं.

आता माणूस कसा होता ते सांगतो. एका वेडाने झपाटलेला होता. निबंध लिहायचा तर तुम्हाला काय म्हणायचंय ते एका वाक्यात, पहिल्याच परिच्छेदात, छातीठोक सांगायचं. बाकीची पानं त्या वाक्याला टेकू द्यायला. इंग्रजीत याला थीसिस स्टेटमेंट म्हणतात. हणमंतराव त्याला ‘ठाम वाक्य’ म्हणत. पोरांनी ‘ठाम’ हा शब्द जन्मात ऐकलेला नव्हता, त्यांना तो ‘थाम’ वाटला. नऊ वर्षं लखनौची पोरं ‘थाम वाक्य’ लिहीत होती, आणि हिंदीत थमना म्हणजे थांबणं, या हिशेबाने बरेच जण ते शेवटी लिहीत होते!

आणि शहर तरी कुठलं निवडलं होतं या बाबाने! जिथे शेजारी कढई मागायला आला तर आधी तुमच्या तब्येतीची, मग आंब्याच्या मोहोराची, मग तुमच्या मेव्हण्याच्या बदलीची चौकशी करतो, आणि जिना उतरता उतरता म्हणतो, “अरे हाँ, ज़रा कढ़ाई मिल जाती तो...” या लोकांच्या मुलांना हे म्हणणार, पहिल्याच ओळीत मुद्दा मांडा. अहो, यापेक्षा गोमतीला उलटी वाहायला शिकवणं सोपं.

एकदा निबंध दिला: अमीनाबादेत सायकलरिक्षा बंद कराव्यात का? विक्रम रस्तोगी नावाच्या हुशार मुलाने साडेतीन पानं लिहिली. पहिल्यावर चाकाचा शोध, दुसऱ्यावर अमीनाबादेतल्या कापडबाजाराची थोरवी, तिसऱ्यावर रिक्षावाल्यांचे कष्ट आणि मोटारवाल्यांचे कष्ट सारखेच तोलून. शेवटी काय? तर प्रत्येक वाहनाचं आपापल्या जागी महत्त्व आहे. हणमंतरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

“रस्तोगी, बंद करने हैं कि नहीं करने हैं?”

“सर, वो तो पढ़ने वाला समझ जाएगा ना।”

“पढ़ने वाले ने साढ़े तीन पन्ने पढ़े हैं। कुछ नहीं समझा!”

नुज़हत नावाची एक मुलगी होती, तिने हात वर केला. म्हणाली, सर, पहिल्याच ओळीत आपलं मत सांगून टाकलं तर ते उद्धट नाही का दिसणार? हणमंतरावांचा आवाज एकदम चढला. उद्धट काय त्यात? समोरच्याचा वेळ वाचवणं हा उद्धटपणा? तुम्हाला जे म्हणायचंय ते दडवून ठेवता आणि त्याला आदब म्हणता, आणि समोरचा बिचारा अंदाज बांधत बसतो! पोरगी “जी सर” म्हणून खाली बसली. तिला पटलं नव्हतं, हे तिच्या आदबीवरून कळत होतं.

लिहिण्याआधी ओळखायला शिका, म्हणून ते वर्तमानपत्रांतले अग्रलेख कापून आणत, वर्गाला वाटत आणि ठाम वाक्याखाली रेघ मारायला सांगत. यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कसलंही चऱ्हाट असो, हणमंतराव त्यातून मुद्द्याचं वाक्य बरोबर चिमटीत पकडून बाहेर काढत. निदान त्यांची स्वतःची तशी खात्री होती.

आता तुम्ही म्हणाल, असा रोखठोक माणूस, मग प्रिन्सिपॉलसमोर जाऊन ‘मला कायम करा’ असं तीन शब्दांत का सांगत नव्हता? हां, तिथे मात्र सगळा रोखठोकपणा कुठे दडी मारून बसायचा, कोण जाणे. दर एप्रिलमध्ये ते रिज़वीसाहेबांच्या खोलीत जात. रिज़वीसाहेब म्हणजे प्रिन्सिपॉल, मोठा गोड माणूस, कुणाला ‘नाही’ म्हटल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. चहा येई, खरबुजांवर बोलणं होई, आणि हणमंतराव मोठ्या समाधानाने बाहेर पडत. घरी विभाताईंनी विचारलं, “काढलात का विषय?” की म्हणत, “तसं सूचित केलं.” काय डोंबल सूचित केलं! खरबूज गोड निघालं म्हणून सांगून आले.

पण यंदा चमत्कार झाला. मेच्या दुसऱ्या सोमवारी रिज़वीसाहेबांनी आपण होऊन बोलावणं धाडलं.

चाळीस मिनिटं बोलले. आधी उकाड्यावर. मग म्हणाले, बख़्शी का तालाबला शाळेची नवी शाखा निघते आहे, विमानदलाच्या लोकांची मुलं येतील. मग म्हणाले, कमिटी बऱ्याच दिवसांपासून आपल्याबद्दल विचार करते आहे. मग आपल्या गुडघ्याबद्दल बोलले. मग म्हणाले, तिकडे जायचं म्हणजे अंतर ज़रा जास्त आहे, आपल्याला तकलीफ़ होईल, आम्हाला सांगतानाही शरम वाटते. मग एक खरबूज कापलं गेलं. आणि हणमंतराव उठले तेव्हा दारापर्यंत पोचवायला येऊन, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तो शेवाले साहब, आप एक राज़ीनामा लिख दीजिए। बाक़ी अस्थाना बाबू देख लेंगे।”

हणमंतरावांच्या पायाखालची जमीन सरकली.

बाहेर हेडक्लार्क अस्थानाबाबू टाइपरायटरमागे बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि आणखी एक घण घातला: “मास्साब, राज़ीनामा कल तक दे दीजिएगा। बुध को कमेटी बैठ रही है।”

राजीनामा! कराडात हा शब्द ज्या अर्थाने वापरतात त्या अर्थाने तो हणमंतरावांच्या डोक्यात घणघणत राहिला. नऊ वर्षं राबवून घेतलं आणि नियमाची तारीख जवळ आली तशी नारळ हातात. वर खरबूज खाऊ घालतात! कमिटी विचार करते आहे म्हणे. हे असलं विचार करणं झालं. स्कूटरवरून घरी जाताना गोमतीच्या पुलावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी उन्हावर ढकललं.

मग त्या चाळीस मिनिटांवर त्यांनी मनातल्या मनात लाल पेन्सिल चालवली. उकाडा, गुडघा, शाखा, अंतर, सगळं पाल्हाळ. ठाम वाक्य एकच: राजीनामा लिहून द्या. सापडलं की नाही बरोबर?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागद पुढे ओढला. आता निदान जाताना तरी या लोकांना दाखवून देऊ, मुद्द्याचं बोलणं कशाला म्हणतात ते. माणूस इंग्रजीचा मास्तर, तेव्हा पत्र इंग्रजीत. हिंदीत लिहायला घेतलं असतं आणि नुसतं ‘राजीनामा देत आहे’ एवढं म्हटलं असतं, तरी देव पावला असता. पण इंग्रजीत त्या शब्दाला गैरसमजाची जागाच उरत नाही. ‘मी माझ्या पदाचा त्याग करीत आहे.’ पहिलंच वाक्य, पहिलाच परिच्छेद. खाली दोन कारणं, प्रत्येकी एका ओळीत: माझ्या वेळेची इथे किंमत नाही, आणि आपणहून जाणं हे घालवून देण्यापेक्षा बरं. शेवटी सही. नऊ वर्षांत लखनौत इतकं नेटकं लेखन कुणी केलं नव्हतं. स्वतःलाच दहापैकी दहा द्यावेत असं पत्र. ते त्यांनी दुपारी अस्थानाबाबूंच्या हातात ठेवलं. अस्थानाबाबूंनी इंग्रजी पाहून न वाचताच फाइलला लावलं आणि हसून म्हणाले, “मुबारक हो।”

काय निर्लज्ज माणसं, असं म्हणून हणमंतराव तडक घरी आले.

आणि घरी? घरी मंगळवारी ते काहीच बोलले नाहीत. बुधवारी संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी आधी परवलाच्या भाजीवर टीका केली, मग गोमती नगरात नवीन बांधलेले फ्लॅट्स कसे रिकामे पडलेत त्यावर, मग विजेवर. विभाताईंनी पोळी ताटात वाढली आणि विचारलं, “अहो, झालंय काय?” तेव्हा कुठे ते भाजीकडे बघत म्हणाले, “राजीनामा दिला. बख़्शी का तालाबची नवी शाखा, तिथलं अंतर, कमिटीचा विचार, असं चऱ्हाट लावून त्यांनीच मागितला.”

विभाताईंनी पोळ्यांचा डबा खाली ठेवला. पण जुईने टाळी वाजवली.

“वाह बाबा! तो आप राज़ी हो गए? परमानेंट?”

“अगं, राजीनामा म्हणतोय मी!”

“हाँ, वही। राज़ी-नामा। मतलब हाँ लिखकर देना। नौकरी छोड़ने वाला तो इस्तीफ़ा होता है ना, बाबा।”

विभाताई हळूहळू म्हणाल्या, “म्हणजे... बख़्शी का तालाबला जायला तयार आहात ना, एवढंच लिहून हवं होतं त्यांना. त्या अटीवर कायम करणार होते.” आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते नऊ वर्षांत निघालं नव्हतं: “अहो, एका शब्दाने विचारायचं तरी! काय म्हणायचंय तुम्हाला, एवढंच!”

हणमंतरावांनी ताट बाजूला सारलं.

गुरुवारी सकाळी शाळा उघडायच्या आधी ते फाटकाशी उभे होते. रिज़वीसाहेब आले ते डोळे ओलावूनच आले. त्यांनी हणमंतरावांचे दोन्ही हात धरले आणि त्यांना आपल्या खोलीत नेलं. काल कमिटी झाली, म्हणाले. सगळ्यांना फार वाईट वाटलं. आपल्या सेवेबद्दल गौरवाचा ठरावही झाला. शाखेसाठी मग नाइलाजाने दुसऱ्या उमेदवाराचं नाव घ्यावं लागलं, त्यांच्या नेमणुकीचं पत्रही रात्रीच रवाना झालं.

आणि पहिल्यांदा, लखनौत आल्यापासून पहिल्यांदा, हणमंतरावांनी चहा येण्याआधी तोंड उघडलं. “सर, ग़लती हो गई। मुझे शब्द का मतलब ग़लत लगा। मुझे जाना नहीं है। मुझे यही नौकरी चाहिए, पक्की।”

रिज़वीसाहेब खुर्चीत बसले.

“शेवाले साहब,” ते म्हणाले, “हमें तो उसी वक़्त खटका था। हम पूछने ही वाले थे। फिर सोचा, आपने इतना साफ़ लिखा है, अब पूछना बदतमीज़ी होगी।”

हणमंतराव नुसते टेबलाच्या कडेला बोट घासत बसले. वाचणाऱ्याच्या मनात शंकेला जागा उरता कामा नये, हे ते नऊ वर्षं घसा फोडून सांगत आले होते. उरली नव्हती.

खरबूज आलं. कुणी हात लावला नाही. शेवटी रिज़वीसाहेब म्हणाले, पक्कं करणं आता आमच्या हातात नाही, तीस जूनपर्यंत कमिटी पुन्हा बसत नाही. पण हंगामी जागा आमच्या हातात आहे, जुलैपासून वर्षभरासाठी. त्याला वयाची अट नाही. एक अर्ज तेवढा नव्याने द्या. आणि मग, या माणसाला दुखवावं लागतंय याचं मनापासून दुःख होऊन, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “बस, इस बार ज़रा मुलायम लिखिएगा। कमेटी वाले डर गए हैं।”

अस्थानाबाबूंच्या टेबलासमोरच्या बाकावर हणमंतराव तासभर लिहीत होते. पहिल्या परिच्छेदात रिज़वीसाहेबांच्या गुडघ्याला आराम पडो अशी प्रार्थना होती. दुसऱ्यात शाळेचा इतिहास. तिसऱ्यात कमिटीतल्या प्रत्येक सभासदाचं मोठेपण. दुसऱ्या पानाच्या तळाशी, शेवटून चौथ्या ओळीत, जमल्यास, आणि कुणाची गैरसोय होत नसल्यास, एक विनंती होती.

अस्थानाबाबूंनी या वेळी मात्र पूर्ण वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाले, “वाह मास्साब, अब आपको लिखना आया।”

अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. एका वर्षासाठी.