इराचं वजन

मैत्रिणींनो, आठवतंय का... शाळेच्या हॉलमधले बाक आपण दोघी-दोघी मिळून उचलायचो आणि मागून पीटीच्या सिस्टर ओरडायच्या, "नीज, गर्ल्स, नीज!" म्हणजे कंबरेतून नाही, गुडघ्यांत वाकायचं. किती हसायचो आपण त्यांना!

गेल्या आठवड्यात कोथरूडच्या घरी त्या सिस्टर फार आठवल्या.

माझ्या सुनेला, ऋतुजाला, पाचवा महिना आहे. मुलगा ऑनसाइट, तिकडे अमेरिकेत. मागच्या वर्षी राहिलेलं बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं... तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. तिने लॅपटॉपची बॅग उचलली तरी मी धावते.

"आई, बॅग आहे हो, सिमेंटचं पोतं नाही," ती म्हणते.

पण तीन वर्षांच्या नातीने, इराने, तिच्याकडे हात वर केले की मी हटकून मध्ये जायचे. "आईने नाही हं उचलायचं, तू आता जड झालीस." दिवसातून किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे.

आणि एक दिवस इरा जेवेना. वरणभात तसाच, दूधही नको. ताप नाही, पोट दुखत नाही... मला नाही नाही ते सुचायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ही बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभी.

"आजी, मी हलकी झाले? आता आई उचलेल?"

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले...

त्याच दिवशी ऋतुजाची तपासणी होती. डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वा आजी! सुनेला जपायचं म्हणून नातीला उपास!"

बरोबरच होतं त्यांचं.

मग त्यांनी ऋतुजाला नीट तपासलं. सगळं ठीक होतं. "आणि मागच्या वेळचं उचलण्यामुळे झालं नव्हतं. दोघींनीही डोक्यातून काढा," त्या म्हणाल्या. ऋतुजाचे डोळे एकदम भरून आले. म्हणजे हीसुद्धा वर्षभर तेच मनात घेऊन फिरत होती... आणि आम्ही एकाच घरात राहून एकमेकींना विचारलं नव्हतं.

इराला जमिनीवरून उचलायचं नाही, त्यांनी समजावलं. तिने आधी सोफ्यावर चढायचं, मग तिला अंगाशी धरायचं, तेही थोडाच वेळ. वळताना कंबर पिळायची नाही, पाय फिरवायचे. पोटात ओढ लागली की लगेच खाली ठेवायचं आणि फोन करायचा. पोट मोठं झालं की फक्त मांडीवर. "आणि खालची हलकी वस्तू घ्यायची झाली तर..."

"गुडघ्यांत वाकून," मी म्हटलं. डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या.

संध्याकाळी सोफ्याशी माझा लाकडी चौरंग ठेवला. इरा त्यावरून वर चढली, आईच्या गळ्यात पडली आणि नंतर दोनदा वरणभात मागून जेवली. काळजी माझी गेलेली नाही, जाणारही नाही... पण आता ती त्या पोरीला ऐकवत नाही.

आता एक काम. ऋतुजा एकटी असताना उचलायला जाईल असं जड काही मला घरात नको. लोखंडी खलबत्ता नलूने न्यावा. बिडाचे दोन्ही तवे मार्थाला. बुद्धपौर्णिमेच्या खिरीचं मोठं पितळी पातेलं वंदनाकडे, पण पौर्णिमेला खीर इकडे पाठवायची. न्यायला दोघी-दोघी या, आणि सिस्टरांना आठवून उचला.

चौरंग मात्र कोणी मागू नका. तो इराचा आहे.