रोशनी वाचायची, सुजाता धागे कापायची

सुजाता आज पहाटे गेली.

मला तिचा भयंकर राग आलाय.

अर्धा मे बाकी आहे, निम्मी घरं व्हायचीत, आणि ही बाई खुशाल निघून गेली.

सकाळपासून फोन घेतेय. तेच तेच सांगून जीभ जड झालीय. म्हणून एकदाच लिहिते, बाकीच्यांनी इथेच वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सुजाता माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ती अंबरनाथला, मी बदलापूरला. नोकऱ्या संपल्यावर लोक अष्टविनायक करतात. आम्ही दर उन्हाळ्यात उल्हासनगरच्या गल्ल्या केल्या.

काम साधं होतं. पहिली-दुसरीची मुलं एप्रिलमध्ये धडाधड वाचतात. जूनमध्ये तीच मुलं पुस्तकाकडे अशी बघतात, जणू आयुष्यात पहिल्यांदा पाहिलंय. मेच्या सुट्टीत सगळं पुसलं जातं. ते पुसलं जाऊ नये म्हणून आम्ही घरोघरी जाऊन आयांना सांगायचो, रोज थोडा वेळ पोरांकडून वाचून घ्या.

"मला कुठे वाचता येतं, ताई?" हे प्रत्येक घरी.

सुजाताचं उत्तर ठरलेलं. "ऐकता येतं ना? ते वाचेल, तू ऐक. चुकलं तरी ऐक."

उल्हासनगरच्या कॅम्प दोनला, मार्केटच्या मागे कविता राहते. एक खोली, दोन मुलं, आणि भिंतीला लागून जीन्सचे गठ्ठे. शिवून आलेल्या पँटचे लोंबते धागे कापून द्यायचं काम. शाळेला सुट्टी लागली की मोठी मुलगी रोशनी पण कटर घेऊन बसायची. तेव्हा ती नुकतीच पहिली पास झालेली.

आम्ही येणार कळल्यावर कविताने शेजारणीकडून बाहेरून कुलूप लावून घेतलं.

मी म्हटलं, "गावी गेलेत वाटतं. चल बाई, डोकं फुटायची वेळ आलीय उन्हाने."

तेवढ्यात आतून कोणीतरी शिंकलं.

सुजाता हसली नाही, दार वाजवलं नाही. पायरीवर बसली आणि मोठ्या आवाजात गोष्ट सुरू केली. "एक बकरी होती. तिला शिवमंदिरात जायचं होतं. ती शेअर रिक्षात बसली. ते पण पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला!"

गल्लीतले लोक बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग रिक्षावाला बकरीला म्हणाला..." इथे ती थांबली. साडी झटकून उठली. "जाऊ दे. घरात कोणी नाहीये."

आतून आवाज आला, "काय म्हणाला?"

मग आईचा दबका ओरडा.

"उद्या येते," सुजाता दाराला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुलूप नव्हतं. कविता दारातच तणतणत उभी. "पोरांनी रातभर दिमाग खाल्ला माझा! आता तुम्हीच सांगा काय म्हणाला तो."

गोष्ट झाली. पोरं खूश. पण कविता काही विरघळली नाही.

"ताई, तुमचं सगळं बरोबर आहे. पण संध्याकाळी शेठचा माणूस माल उचलायला येणार. रोशनीने हात लावला तरच पूरा होतो. ती वाचत बसली तर तिच्या वाटणीचं कोण कापणार?"

मी पिशवी उचलून निघायला लागले.

सुजाताने रोशनीच्या हातातला कटर घेतला. "मी कापते. तू वाच."

आणि बसली की कापायला! मला पण एक कटर दिला, वर म्हणते, "तू काय पाहुणी आहेस?"

झालं. तेव्हापासून त्या घरी हेच. रोशनी मोठ्याने वाचायची, आम्ही दोघी म्हाताऱ्या धागे कापायचो. बोटं निळी व्हायची. सुजाताने एकदा पँटच कापली, तेव्हा कविताने तिला अशी झापली की काय सांगू.

मी वैतागायचे. "अगं, किती घरचे धागे कापणार आपण?"

"या घरचे काप आधी."

हळूहळू कविता ऐकायला लागली. मान खाली, हात चालू, आणि मध्येच, "थांब गं. काल इथे वेगळंच काहीतरी वाचलं होतंस." रोशनी परत बघायची. आई बरोबर असायची. सुजाता तेव्हा माझ्याकडे बघायची सुद्धा नाही, एवढा माज!

यंदा एप्रिलमध्ये मी तिला सांगून टाकलं. माझे गुडघे गेलेत, ऊन सोसत नाही. हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तू दुसरी कोणीतरी शोध.

तिची स्वतःची तब्येत तेव्हा पार ढासळली होती. मला वाटलं भांडेल. ती फक्त "बरं" म्हणाली. त्या "बरं"वर मी महिनाभर झोपलेले नाही नीट.

आज दुपारी तिच्या घरी कविता आली होती. सोबत रोशनी, आता चौथीत जाईल. आत माणसं खूप, म्हणून दोघी जिन्यातच उभ्या होत्या.

मला वाटलं, ही आता विचारणार, ताई, तुम्ही तरी येणार ना? आणि मी काय सांगणार?

मीच आधी म्हटलं, "कविता, या आठवड्यात बहुतेक जमणार नाही गं."

"हां ताई, असू दे. नका येऊ."

मला कळेना.

"शेजारच्या दोघींची पोरं पण येतात आता वाचायला. त्यांच्या आयांना पण टाइम नाही ना, मालच तेवढा असतो. तर त्या पोरांच्या वाटणीचं मी कापून देते." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "तुम्ही आराम करा. तुम्ही नाही आलात तरी चालतंय."

सकाळपासून डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिथे जिन्यात बसून मी हमसून हमसून रडले.

सुजाता, ऐकलंस ना? आपण नाही गेलो तरी चालतंय.

मी गुरुवारी कविताकडे जाणार आहे. न बोलावता.

जा तू आता. नमस्कार.