खळखळ चेनची, शिक्षा टॅपेटला

हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आमच्या कर्वेनगरच्या गल्लीतली निम्मी पोरं गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी आमचं गॅरेज, मागं दोन खोल्यांचं घर.

आमचे हे स्कूटरचे मिस्त्री. टू-स्ट्रोक स्कूटर डोळे मिटून खोलायचे. पण त्या इंजिनात ना हवा-धुराची झडप म्हणजे व्हॉल्व्ह, ना त्या झडपा वेळेवर उघडवणारी टायमिंग चेन. फोर-स्ट्रोक मोटरसायकली आल्या आणि ही दोन्ही लफडी आमच्या टेबलावर येऊन पडली. यांनी ती स्कूटरच्या सवयीनंच हाताळली. मी शेजारी बसून पार्ट धुवायचे. एकदा रद्दीत मोटरसायकलीच्या दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक मिळालं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वर्षभर वाचलं. मला कुणी शिकवलं नाही, आणि बरंच झालं; शिकवणाऱ्याच्या चुकाही शिकले असते.

तर टॅपेट. व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या दांडीच्या टोकाला एक स्क्रू असतो. त्याच्यात आणि व्हॉल्व्हमध्ये केसाएवढी फट ठेवायची असते. फट असली की बारीक टिकटिक येते. आणि आमच्या गिऱ्हाइकाला गाडी कशी हवी? मुकी! जो येईल तो म्हणायचा, "काका, टॅपेट वाजतंय." गावातले सगळे मिस्त्री मग काय करायचे, स्क्रू आवळून फटच बुजवायचे. आवाज बंद, गिऱ्हाईक खूश. आमचे हेही तेच करत.

एक कॉम्प्युटरवाला मुलगा होता, रोज मोटरसायकलवरून हिंजवडीला जायचा. आवाजाची तक्रार घेऊन दोनदा आला, दोनदा यांनी टॅपेट आवळलं. तिसऱ्यांदा आला तो गाडी ढकलतच.

"काका, ही मोटरसायकल आहे की शिलाई मशीन? उद्या कापड आणून देऊ का? आणि आता चढावर ओढतही नाही, गरम झाली की सुरूच होत नाही."

यांनी गाडी आत ओढून घेतली. संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार, नवीन टाकतो. पण हे इंजिन परत आलं ना, तर मी शटर ओढणार. हिंजवडीत वॉचमन घेतायत. फॉर्म आणलाय."

फॉर्म खरंच फळीवर होता, ऑइलच्या डब्याखाली. बावीस वर्षं ज्यांच्याकडे लोक गाडीचं दुखणं घेऊन आले, त्या माणसानं आता फाटक उघडून कुणाला तरी सलाम ठोकायचा? मला ते मुळीच मान्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला शटर अर्धं खाली आलं. हे आत आडवे झाले. रस्ता असा शांत फक्त त्याच वेळी असतो. मी गाडी सुरू केली. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर, मूठ कानाला. आधी टॅपेटच्या झाकणावर टेकवला. काहीच नाही. मग सिलिंडरच्या डाव्या अंगाला, जिथून चेन वर जाते. अशी खळखळ की दात शिवशिवले. रेस देऊन सोडली की आणखी वाढायची.

हे डोळे चोळत बाहेर आले. "अगं, दुपारी जरा पडू दे की माणसाला!"

"अहो, इकडे या. कान द्या. टॅपेट गप्प आहे, बोंबलतेय ती चेन."

"चेन ताणून धरायला टेन्शनर आहे ना."

"आहे. दमलाय बिचारा."

यांनी ऐकलं. मग इंजिन खोलायला घेतलं. चेन अजून जागेवर होती तेव्हाच मी खालचं जड चाक, फ्लायव्हील, किंचित मागंपुढं केलं. वरचं, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं चाक हललंच नाही, ढील आधी चेननंच खाऊन टाकली. दोन्ही चाकांवरच्या खुणा एकाच वेळी जुळायला हव्यात; खालची जुळवली तर वरची मागं राहिलेली. चेनला टेकणाऱ्या रबरी पट्टीत खोल चरे. कॅमवरून मी नख फिरवलं, ते एका जागी अडकलं. पुस्तकात यासाठी मापाचं यंत्र सांगितलंय. माझं नख बरं होतं.

इंजिनाचं वरचं डोकं, म्हणजे हेड, उलटं करून व्हॉल्व्ह नीट मिटतात का बघायला दोन्ही वाटांमध्ये रॉकेल ओतलं. आत घेणारा व्हॉल्व्ह कोरडा राहिला. धूर सोडणाऱ्याच्या कडेनं रॉकेल झिरपलं. काढला तर कड जळून खाल्लेली. फट न राहिल्यामुळं तो नीट मिटतच नव्हता. रिंगा ठणठणीत होत्या.

यांनी व्हॉल्व्ह उजेडात धरून जळलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "हा मीच जाळला का गं?"

"हो, तुम्हीच. आता बसवणारही तुम्हीच."

नाना पेठेत, स्पेअरपार्टच्या बाजारात, मी स्वतः गेले. दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं. "ताई, चेन कसली, सोन्याची?"

"लोखंडाची द्या. सोन्याची एवढी झिजत नाही. आणि हा व्हॉल्व्ह, कॅम, टेन्शनर, पट्टीही काढा."

घरी नवी-जुनी चेन एकाच खिळ्याला टांगली. जुनी दोन-तीन मिलिमीटर खाली लोंबत होती. यांनी ते बघितलं आणि मानेनंच हो म्हटलं. नवा व्हॉल्व्ह मात्र यांनीच घासून बसवला, ताकाची रवी फिरवावी तसा दोन तळव्यांत काठी फिरवत. त्या हातांना तोड नव्हती, कधीच. खुणा जुळल्या, रॉकेल थांबलं. इंजिन थंड असताना फटीत मापाची पत्री घालून टॅपेट लावलं. पत्री जराशी अडत सरकली, तसंच हवं.

मुलगा आला. पहिल्या किकला गाडी सुरू. वारज्याचा चढ चढवून परत आला, खुशीत होता. पण खाली वाकून कान दिलाच.

"काका, खळखळ गेली. फक्त बारीक टिकटिक येतेय. तेवढी बंद करा ना."

यांचा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे गेला. त्यांनी तो उचलला, पुसला आणि खिळ्याला अडकवला.

"ती तशीच राहणार," हे म्हणाले. "शांतता हवी असेल तर सायकल घे. आणि जास्त शंका असली तर काकूंना विचार, मला विचारू नकोस."

महिना गेला, गाडी आली ती फक्त ऑइल बदलायला. वॉचमनचा तो फॉर्म मी गाडीखाली, गळणारं जुनं ऑइल टिपायला अंथरला. हे बघत होते. मग वाकून त्यांनीच ऑइलचा नट सोडला.