वरच्या भाडेकरूचं जेवण

आमच्या वरच्या भाडेकरूइतक्या झपाट्यानं मराठवाड्यात मुरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि यात इथंच जन्मलेलेही मी धरतो. आला होता सुदानहून, विद्यापीठात पीएच.डी. करायला. पडेगावातल्या आमच्या घराची वरची खोली त्यानं घेतली आणि दोन-चार महिन्यांत भाजीवालीशी "लई महाग लावलं, मावशी" म्हणून हुज्जत घालू लागला. दुकान, साबण, तारीख, वकील असा त्याच्या अरबीतही असलेला शब्द आमच्या तोंडून निघाला की स्वारी खूश. "ह्यो आमचा!" म्हणत छातीवर हात ठेवायचा, जणू गावाकडचा चुलतभाऊच स्टँडवर भेटला. ख्यालीखुशाली विचारायची त्याच्याकडची रीतही लांबलचक. रोज सकाळी दूधवाल्याला आई कशी, बायको कशी, पोरं कशी, असं विचारत तो म्हशीपर्यंत पोचायचा. दूधवाला बाबांना म्हणाला, "मालक, माणूस सोन्यावानी हाय, पण मला अजून लई घरं करायचीत ना!"

फक्त एका गोष्टीपुढं त्याचं काही चाललं नाही, ती म्हणजे माझ्या आईचं उष्टं-खरकटं. बाबांनी तोंड लावलेल्या पेल्यातलं पाणीसुद्धा आई पीत नाही. आणि ह्याच्या घरी दहा माणसं एकाच थाळ्यातून जेवणार, चांगला घास आपल्या हातानं दुसऱ्यापुढं सारणार. पहिल्याच रविवारी आम्ही त्याला जेवायला बोलावलं. त्यानं आपल्या ताटातलं सगळ्यात मोठं भरलं वांगं उचललं आणि मोठ्या मायेनं आईच्या ताटात ठेवलं. आई "पोट भरलं बाबा" म्हणत उठली. थोड्या वेळानं तो हात धुवायला आत गेला, तर आई दुसरं ताट वाढून घेऊन जेवत बसलेली.

संध्याकाळी येऊन "चुकलं, आई" एवढंच म्हणाला. त्यानंतर मात्र जेवायला खाली यायचं नाव काढेना. कितीही बोलावलं तरी म्हणायचा, "नको, माझा हात ऐकत नाय." आई वर डबा पाठवायची, तो अर्धा परत यायचा. एकट्यानं त्याला घासच जात नव्हता. वर्षभरात त्याचे शर्ट ढगळ झाले. बाबा आईला समजवायला गेले की ती चिडायची. "मला का त्याची माया नाय? पण जमतच नाय, तर काय करू?" आणि खरंच तिला जमत नव्हतं.

असं चार वर्षं चाललं. पदवी मिळाली. त्याच्या घरचे सुदानातल्या लढाईमुळं कैरोला गेले होते, तोही तिकडंच निघाला. जायच्या दिवशी दुपारी शिजवलेल्या वालाच्या दाण्यांची परात घेऊन तो खाली आला. आमच्यासाठी वेगळ्या वाट्या-चमचे त्यानं स्वतःच मांडले आणि आपण परातीतूनच खायला लागला. आईनं वाट्यांकडं पाहिलं, मांडी घातली, आपली वाटी बाजूला सारली आणि त्याच्या बाजूनं परातीत हात घातला. डोळे मिटून घास गिळला.

"मीठ कमी पडलंय रे," म्हणाली.

त्यानं परातीतला चांगला घास आपल्या हातानं तिच्यापुढं सारला. आई दुसरा घास घेत होती.

वरची खोली आता आम्ही एका शिक्षकाला दिली आहे. आमचा जुना भाडेकरू कैरोत बरा आहे, अधूनमधून त्याचा फोन येतो. मला मात्र एक गोष्ट सलते. चार वर्षं आमच्या डोक्यावर राहिला, सगळ्या गल्लीचा झाला, आणि आमच्या घरात आमच्यासोबत जेवला तो दोनदाच.