ओढ्यापलीकडची तिसरी हाक

ती घटना मला आठवावी लागत नाही. पौषात अचानक वारा फिरला आणि आभाळ भरून आलं की ती आपणहून समोर येऊन उभी राहते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले; त्यांतले बरेचसे विसरलो. हे प्रकरण सरकारी दप्तरात साधं 'अकस्मात मयत' म्हणून पडून आहे. त्या कागदातली एक ओळ खोटी आहे, आणि ती मी लिहिलेली आहे. म्हणून हे लिहितो आहे. नावं कुणाचीच देत नाही.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. मी मुळशी तालुक्यात फौजदार होतो. वय सत्तावीस. मुठा खोऱ्यातल्या गावांच्या भेटी आटोपून मी आणि माझा हवालदार पायी परतत होतो. हवालदार पन्नाशीचा, त्याच डोंगरांत जन्मलेला. दुपारपर्यंत लख्ख ऊन होतं. चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळोख वर चढला, वारा सुटला आणि पाऊस नव्हे, एकदम गाराच सुरू झाल्या. सुपारीएवढ्या. आम्ही उतारावरच्या एका रिकाम्या गोठ्यात शिरलो. बघता बघता खालची भातखाचरं पांढरी झाली. पौषात कोरडा असणारा ओढा दगड लोटत गरजू लागला. अंगातला कोट भिजला होता आणि दातांवर दात आपटत होते.

दिवस मावळता मावळता खालून हाक आली.

त्या भागात माणसं एकमेकांना कुकारी घालतात. शब्द नसतात, नुसता लांबलेला 'कूऽऽ'. ओढ्याच्या बाजूने तशी कुकारी आली. मी उठलो, तोच हवालदाराने माझा कोट धरला.

"ओ दिऊ नगा, सायेब."

"का?"

"दिवेलागणीची हाक हाय. तीन हाका हुंद्या. मानूस आसंल तर तिसरी मारतंय. त्ये दुसरं आसलं तर दोनच मारतंय."

हा तिकडचा रिवाज. अंधार पडताना कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. मी मॅट्रिक होऊन खात्यात आलेला, पुण्यात वाढलेला. एरवी मी त्याची थट्टा केली असती. त्या वेळी मी गुपचूप खाली बसलो. बसायला कारण मिळालं, याचं मला बरंच वाटलं.

दुसरी हाक आली. मग बराच वेळ नुसता वारा.

मग तिसरी आली. पहिल्या दोन्हींपेक्षा बारीक, शेवटाला तुटलेली. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या परीने आता शंका उरली नव्हती. हुकूम मी द्यायचा होता.

"वारा असेल," मी म्हणालो.

 गारा थांबल्यावर आम्ही वरच्या वाटेने गेलो. ओढ्याकडे उतरलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ओढ्याकाठच्या गावचा पोलीस पाटील ठाण्यावर खबर घेऊन आला. ओढ्यात गावातल्या एका शेतकऱ्याचं प्रेत सापडलं होतं. मी अकस्मात मयत रजिस्टरला नोंद केली आणि पंचनाम्याला निघालो. हवालदार बरोबर होता. चार तासांच्या वाटेत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

मयत तिशीचा. भाताचं काम उरकलं की तो डोंगरात कोळशाच्या भट्टीवर मजुरीला जायचा. भट्टी सोडून चालत नाही म्हणून आठ-आठ दिवस वरच राहायचा. त्या वादळाने भट्टी विझली, म्हणून तो घरी यायचा नेहमीचा वार सोडून मधेच निघाला होता. ओढ्यावर दोन ओंडक्यांचा साकव होता. त्यावरून तो घसरला आणि डावा पाय दोन धोंड्यांच्या मधे अडकला. अंगाला ओल्या कोळशाचा वास येत होता. तोंड उघडं होतं. पंचांपैकी एकाने ते मिटायचा प्रयत्न केला, मिटेना. साकवापासून त्याचं घर दोन खाचरं वर होतं. गावठाणापासून लांब, डोंगराच्या सोंडेच्या आडोशाला एकटंच घर. मी मान वर करून पाहिलं. आम्ही बसलो होतो तो गोठा तिथून दिसत होता.

सरकारी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पाय मोडला, पण त्याने माणूस मरत नाही. गारठ्याने गेला. दोन-तीन तास तरी जिवंत असावा."

मयताच्या थोरल्या भावाने ठाण्यात येऊन जबाब दिला, की हा अपघात नाही. भावजयीनेच घात केला. त्याच्यापाशी पुरावा काही नव्हता. पण त्याच्याबरोबर आलेला पोलीस पाटील जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, माज्या तोंडून आलं म्हनू नगा. वादळाच्या दिशी तिच्या वट्टीवर शिंप्याचं मशीन व्हतं. सकाळी न्हवतं."

लग्नसराईच्या आधी एक फिरता शिंपी हातमशीन डोक्यावर घेऊन त्या खोऱ्यात यायचा. ज्या घरचे कपडे, त्या घरच्या ओटीवर मुक्काम. गावाला त्यात वावगं वाटत नसे, कारण एरवी घरात दहा माणसं असत. या घरात एकटी बाई होती.

चावडीत तिला बोलावलं. पंचवीस-सव्वीसची, मूलबाळ नाही. दीर दाराशी उभा होता. मी विचारलं, "नवऱ्याची हाक ऐकलीस का?"

"ऐकली."

"किती?"

"दोन."

"मग?"

"तिसरीची वाट बघितली. आली न्हाई."

दाराशी असलेल्या माणसांनी माना हलवल्या. त्यांच्या दृष्टीने तिने रीतीप्रमाणेच केलं होतं. तिसरी हाक आली नाही, तर बाईमाणसाने दार कसं उघडावं? दीरसुद्धा गप्प झाला.

ती खोटं बोलत होती, हे त्या चावडीत तिच्याखेरीज आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी लिहिता लिहिता थांबलो. हवालदार जमिनीकडे पाहत होता. गोठ्यापर्यंत तिसरी हाक पोहोचली, तर दोन खाचरं वरच्या घरात ती पोहोचलीच असणार. पण हे मला बोलता येत नव्हतं. बोललो असतो तर पुढचा प्रश्न मलाच होता.

म्हणून ती तिसरी हाक दुसऱ्या कुणाच्या तोंडून वदवून घ्यायची, असं मी ठरवलं. आज कळतं, की मी शिंप्याच्या मागे ज्या ईर्ष्येने लागलो, तिच्यात तपासाचा भाग थोडाच होता.

तो चौथ्या दिवशी माण गावात सापडला, एका घराच्या ओटीवर लहान मुलींची परकर-पोलकी शिवत बसलेला. बारीक, गोरेला, बोलायला मऊ. ठाण्यावर आणल्यावर पहिला दिवस तो 'मी वादळाच्या आदल्या दिवशीच गेलो' हेच धरून बसला. मी त्याला मारलं. हेही लिहिलं पाहिजे. दोन थपडा मारल्या आणि तिसरीला हात उगारला, तेव्हा हवालदार पहिल्यांदाच बोलला. "ऱ्हाऊ द्या, सायेब. त्येला पानी देतो." पाणी पिऊन झाल्यावर शिंप्याने आपणहून सांगायला सुरुवात केली.

"चार दिवस होतो, साहेब. तिच्या चोळ्या होत्या, नवऱ्याच्या दोन बंड्या होत्या. ती बसून बोलायची. बोलायची म्हणजे, थांबायचीच नाही. मी हूं म्हटलं तरी तिला पुरायचं."

"वादळ आलं तेव्हा?"

"गारा लागल्या, म्हणून तीच म्हणाली, मशीन आत घ्या. मी आत आलो. चुलीपाशी बसलो होतो. तेवढ्यात हाक आली. ती म्हणाली, 'आमच्यांची हाय.' मी म्हणालो, तिसरी येऊ द्या. मीच म्हणालो, साहेब."

"तिसरी आली?"

"आली." त्याने डोळे पुसले. "ती उठली. कंदील घेतला, दार उघडलं. गारा आत उडाल्या. तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मी नको म्हणालो नाही, जा म्हणालो नाही. तिनं दार लावलं. मग आम्ही दोघंही बोललो नाही. ती चुलीत लाकूड घालत राहिली, मी नुसता बसून राहिलो. उजाडायच्या आत मी निघालो. साकवावरून नाही. वरच्या अंगाने."

"वरच्या अंगाने का?"

 याचं उत्तर मला ठाऊकच होतं. आम्हीही वरच्या वाटेनेच गेलो होतो.

मला हवं होतं ते मिळालं होतं. पण जबाब लिहायला बसलो आणि हात थांबला. प्रकरण कोर्टात उभं राहिलं, तर तीन हाका ऐकू येत होत्या की नाही याचा काथ्याकूट होणार. आमच्या दौऱ्याच्या डायरीत त्या दिवसाची वाट लिहिलेली होती. एखादा वकील हवालदाराला पिंजऱ्यात उभं करून विचारणार, 'त्या वेळी तुम्ही कुठे होता?' आणि तो खोटं बोलणार नाही, हे मला समजलं होतं. त्याच संध्याकाळी मी शिंप्याचा नुसता मुक्कामापुरता जबाब लिहून त्याला सोडून दिलं. हाकेचा त्यात उल्लेख नाही.

शेवटचा जबाब आणि अंगठा घ्यायला मी बाईच्या घरी गेलो. हवालदाराला ओढ्यापाशी थांबवलं. पोलीस पाटील अंगणात बसला. वळणीवर एक नवी चोळी वाळत होती. ती चुलीपाशी बसली होती. दारामागच्या खुंटीला टांगलेल्या कंदिलाकडे पाठ करून.

"शिंपी सापडला," मी सांगितलं. "त्याने सगळं सांगितलं."

"बरं झालं," ती म्हणाली.

"तुमच्यात काय होतं?"

"काय झालं न्हाई, सायेब." थोडं थांबून म्हणाली, "पर हाक आली नसती, तर झालं आसतं. माजं मन तितवर गेलं व्हतं." मग तिने एकदम विचारलं, "तुमास्नी ठावं हाय का, आठ आठ दिस कुनाशी बोललं न्हाई म्हंजी काय हुतं? भाकरी थापताना मी भाकरीला बोलायची. ह्ये यायचं, जेवायचं, निजायचं. वाईट न्हवतं मानूस. दमायचं. शिंप्यानं इचारलं, 'वैनी, बाही कितपत ठिऊ?' मला रडूच आलं. माजं कुनी कवा काय इचारलंच न्हवतं."

 मी लिहून आणलेला जबाब वाचून दाखवला. '…दोन हाका ऐकू आल्या. तिसऱ्या हाकेची वाट पाहिली, ती आली नाही. म्हणून दार उघडलं नाही.'

"आसं न्हाई," ती म्हणाली.

"काय?"

"तीन लिवा. चावडीत दिराम्होरं माजी जीभ उचलंना. पर तीन आल्या. त्येंनी मला तीनदा बोलिवलं. मी दार उघडून लावलं. त्ये लिवा."

आयुष्यात कितीतरी गुन्हेगारांनी माझ्यापुढे खोटं बोलून सुटायचा प्रयत्न केला. खरं लिहा म्हणून हट्ट धरणारी ती एकटीच. आणि मी तिला म्हणालो, "वेडी आहेस का? तीन लिहिलं तर फाशी जाशील."

हे खोटं होतं. हाकेला ओ दिली नाही म्हणून कुणाला फाशी होत नाही. डॉक्टरांचा दाखला होता, साकवाचा पंचनामा होता. तिने त्याला ढकललं नव्हतं. खरी हकीकत लिहून वर पाठवली असती, तरी बहुधा तिच्यावर खटला उभा राहिला नसता. भीती तिला नव्हती, मला होती.

"जाईन की," ती म्हणाली. "तुमचं काय जातंया?"

 तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. किती तरी वेळ पाहत राहिली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "पाटील म्हनत व्हतं, त्या दिशी तुमी ह्याच खोऱ्यात व्हतासा."

चुलीतलं लाकूड तडतडलं. बाहेर पाटील खोकला. मी शाईची पेटी उघडली, तिचा डावा हात धरला आणि अंगठा माझ्या हाताने कागदावर दाबला. तिने हात ओढून घेतला नाही. तिचा हात गार होता. चुलीपाशी बसलेल्या माणसाचा इतका गार हात मी पाहिलेला नाही. अंगठा उमटल्यावर ती इतकंच म्हणाली, "आता मी कुनाला सांगू?"

कागद मंजूर होऊन आले. वरिष्ठांनी तपास व्यवस्थित झाल्याचा शेरा दिला. हवालदाराने दोन महिन्यांत बदली मागून घेतली. निरोप घ्यायला आला तेव्हा सलाम करून म्हणाला, "सायेब, माजा रिवाज खोटा न्हवता. तिसरी आली व्हती." मी त्याला बस म्हणालो नाही.

पाचेक वर्षांनी बढती मिळून तपासणीसाठी मी पुन्हा त्या खोऱ्यात गेलो. ओढ्यावर आता दगडी मोरी झाली होती. तोच पोलीस पाटील बरोबर होता, थकलेला. दिवस मावळत होता, वारा पडला होता, पान हलत नव्हतं. आणि त्या एकट्या घरातून बाईचा आवाज आला. स्पष्ट, मोठा.

"ओऽऽ! आलेऽऽ!"

दार उघडलं. कंदील घेऊन ती खाचराच्या बांधावरून खाली आली, मोरीपाशी थांबली. कुणी नव्हतं. आम्ही वीस पावलांवर झाडाखाली उभे होतो. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. कंदील थोडा वेळ उंच धरला आणि परत फिरली.

"रोजचंच हाय," पाटील म्हणाला. "दिवेलागन झाली की ओ देती. लोकं म्हनत्यात, झपाटलीया. दोनदा देवरुशाकडं न्हेली. तिथंबी गप बसती."

झपाटलेली नव्हती ती. तिला एकदा कुणापुढे तरी सांगायचं होतं. ते ऐकून लिहून घेणं हे माझं काम होतं, आणि मी तिची वाट बंद केली होती. पोलिसाला वाटतं, आपण लोकांकडून सत्य काढून घेतो. मी या प्रकरणात शिकलो ते असं, की कधीकधी माणूस सत्य हातात घेऊन आपल्या दाराशी उभं असतं आणि आपण आतून कडी लावतो. पुढे पंचवीस वर्षांत माझ्यासमोर जो कुणी बोलायला बसला, त्याला मी मधेच थांबवलं नाही. त्याने जे झालं ते भरून येत नाही.

त्या संध्याकाळी पाटलाला मी पुढे जायला सांगितलं. तिच्या दारात जाऊन 'गोठ्यात मी होतो' एवढंच सांगायचं होतं. बांधापर्यंत गेलो. दाराच्या फटीतून उजेड दिसत होता. आतून तिने विचारलं, "कोन हाय?"

मी उत्तर दिलं नाही. वरच्या वाटेने निघून गेलो.