मावशीच्या नावाचं लग्नगाणं

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कासा गावाजवळच्या आमच्या पाड्यावरच्या शाळेत आठवड्यातून दोनदा शिकवायला जायचे. इंटरनेटवर फुकट मिळणारे धडे मोबाइलवर उतरवून न्यायचे आणि प्रोजेक्टरवर दाखवायचे. त्यांत आमच्या बोलीतलं काहीच नसायचं. पहिलीतली पोरं पाहुण्यांच्या घरी बसावं तशी गप्प बसायची.

म्हणून मी मावशीकडे गेले. मावशी आमच्याकडची धवलेरी, म्हणजे गाणी म्हणत लग्न लावणारी बाई. तिच्या तोंडून नवरा-नवरीची नावं आल्याशिवाय आमच्यात लग्न लागलं असं कुणी मानत नाही.

"नवरी कुठाय?" तिनं विचारलं.

"शाळेतल्या पोरांना ऐकवायचंय गं, मावशी. नुसतं गाणं म्हण."

"नावाशिवाय गाणं चालत नाही, पोरी." मग तीच हसली. "थांब, माझंच लावते. काकाला सांगू नको, परत हळद मागेल."

तिनं स्वतःचं आणि काकाचं नाव घालून गाणं म्हटलं. मी ते मोबाइलवर घेतलं. वर्गात लावलं तर पोरं चक्क सोबत गायला लागली. शाळेतले सर खूश झाले, म्हणाले, "दुसऱ्या शाळांनाही मिळू दे."

धडे मिळायचे त्याच वेबसाइटवर गाणं चढवताना प्रश्न आला, हे कोणी वापरायचं? मी 'कोणीही, कशासाठीही' निवडलं. आपण इतकं फुकट घेतो, तर हात आखडता कशाला, असं वाटलं. मावशीला विचारायचं सुचलंच नाही. ते का सुचलं नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

पुढच्या लग्नसराईत तलासरीकडची एक बाई जीपने आमच्या पाड्यावर आली. तिच्या मुलीच्या लग्नात धवलेरी बोलावली नव्हती. मंडपवाल्यानं मोबाइलवरून गाणं लावलं होतं. पाहुणे हसले तेव्हा तिच्या लक्षात आलं, की नवरीचं नाव भलतंच आहे. गाणं कुणाचं, ते विचारत विचारत ती मावशीच्या दारात पोचली.

"माझ्या पोरीच्या मांडवात स्वतःचं लग्न लावून घेतलंस?"

मावशी माझ्याकडे बघायला लागली. मी सगळं सांगितलं.

"मग काढून टाक," मावशी म्हणाली.

"मी चढवलेलं काढता येईल. पण ज्यांनी घेतलंय त्यांच्याकडून परत मागता येत नाही. मीच तशी परवानगी दिली होती."

"तू दिलीस?"

एवढंच विचारून ती त्या बाईकडे वळली. "उद्या येते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तलासरीला गेलो. मावशीनं त्या नव्या जोडप्याला शेजारी बसवलं आणि गाणं पहिल्यापासून म्हटलं, त्यांची नावं घालून. ओळींमध्ये धाप लागत होती, तरी तिनं एक कडवं गाळलं नाही. नवरीच्या आईनं डोळे पुसले. मी उंबऱ्याबाहेर बसले होते. मला आत ये असं कुणी म्हटलं नाही.

परतताना जीपमध्ये मावशी म्हणाली, "अजून किती घरी वाजलं असेल गं ते?"

"माहीत नाही, मावशी."

"मला तरी कुठवर जायला जमेल?" ती म्हणाली.