पेंटर मामांची अक्षरं

पेंटर मामा रस्त्यात उलटे चालायचे. घनसावंगीच्या बस स्टँडसमोर एखाद्या दुकानाचा बोर्ड अर्धा झाला, की ते शिडीवरून उतरत, ब्रश दातांत आडवा धरत आणि बोर्डाकडे तोंड ठेवून मागे मागे जात राहत. वीस-पंचवीस पावलं, एक डोळा मिटलेला. अंबडच्या जीपवाल्यांना याची सवय झाली होती. ते हॉर्न न वाजवता वळसा घालून जात. एखादा नवा ड्रायव्हर शिव्या द्यायचा, तेव्हा मामा त्याच्याकडे न बघताच म्हणायचे, "जरा थांब राजा, माझा 'क' पडून राह्यला." आणि खरंच, बोर्डावरचा 'क' केसभर कललेला असायचा. तो त्यांच्याशिवाय गावात कुणालाच दिसत नसे.

ते माझे सख्खे मामा नव्हते. माझे वडील शाळेत शिक्षक. शाळेच्या भिंतीवरचे नकाशे आणि बाराखडी दरवर्षी मामा नव्याने रंगवत, म्हणून आमच्या घरी येणं-जाणं. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. लहानपणी आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर गेरूने खुणा करायचं काम मामांकडे असे. "मेंढरू हलतं ना ताई," ते मला सांगायचे, "हलत्या मेंढरावर सरळ रेघ मारली की भिंतीवर मारायला काय लागतं?" पुढे जालन्याला एका म्हाताऱ्या मुसलमान पेंटरकडे ते शिकले. उर्दू आणि मराठी दोन्ही पाट्या लिहिणारा तो माणूस. त्याचं नाव मामा कधी घेत नसत, फक्त 'उस्ताद' म्हणत आणि म्हणताना कानाच्या पाळीला हात लावत. "उस्ताद म्हणायचे, हातानं जल्दी केली तर चालंल. डोळ्यानं जल्दी करायची न्हाई."

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. बी.एस्सी. झाल्यावर मी जालन्याला वेबसाइट बनवायच्या क्लासला नाव घातलं. सकाळी जीपने अंबड, तिथून बसने जालना. घरात त्या शब्दाचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता. वडील विचारणाऱ्याला "कॉम्प्युटरचं शिकते" एवढंच सांगत. क्लासच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःची एक वेबसाइट करून दाखवायची होती. मी आमच्या गावाची करायला घेतली आणि पहिलं पान मोठ्या हौसेने सजवलं. लाल पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, उघडझाप करणारं नाव, खालून उजवीकडून डावीकडे धावणारी ओळ, चार कोपऱ्यांत चार फुलं. त्याची रंगीत प्रिंट काढून घरी आणली. मामा ओसरीवर चहा पीत होते. त्यांनी कागद हातभर लांब धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "ताई, हे कोण ओरडून राह्यलंय?"

मी हिरमुसले. ते बघून त्यांनी चहा खाली ठेवला आणि जुनं कॅलेंडर मागून घेतलं. "आधी मला सांग, हे माणूस कुठून बघणार? चालता चालता का उभं राहून?"

"बसून. खुर्चीवर."

"बसून?" त्यांना ते फार आवडलं. "मंग एवढी घाई कशाला? बसलेल्या माणसाला हळू सांगावं."

सुतळीला खडू चोळून कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी रेघा पाडल्या. वर एक पट्टा, डावीकडे अरुंद रकाना, मध्ये मोठी जागा. मोठ्या जागेतली निम्मी त्यांनी तशीच सोडली. मी तिथे फोटो टाकू म्हणाले, तर मान हलवली. "ती जागा रिकामी न्हाई. तिथं डोळा टेकतो." क्लासमधले सर महिनाभर ज्या चौकटी आणि रकाने शिकवत होते ते मला त्या दिवशी ओसरीवर समजले. दुसऱ्या दिवशी मी सगळं पान पुसून पुन्हा लिहिलं.

मग दुसरी अडचण आली. क्लासमधल्या माझ्या कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसे, पण तेच पान शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडलं की अक्षरांच्या जागी कंस, टिंबं आणि उलटीसुलटी इंग्रजी चिन्हं. तेव्हा मराठी फाँट ज्याच्याकडे असेल त्यालाच मराठी दिसायचं. मी मामांना हे रडकुंडीला येऊन सांगितलं. ते म्हणाले, "मंग अक्षरं लिहूच नको. अक्षराचं चित्र लाव. चित्र तर सगळ्यांना सारखंच दिसंल का न्हाई?" आठ दिवसांत त्यांनी ड्रॉइंग शीटवर सगळी शीर्षकं काढून दिली. गावाचं नाव, बाजार, शाळा, नदीकाठ, ऊस. 'ऊस' शब्दातला 'ऊ' त्यांनी असा काढला होता की त्याच्याकडे बघून तोंडाला पाणी सुटावं.

ती चित्रं स्कॅन करून पानात बसवली आणि ज्या दिवशी वेबसाइट सगळ्यांना दाखवायची होती, त्या दिवशी मामा माझ्याबरोबर जालन्याला आले. आपणहून. "बघू तरी दे, माझं लिहिलेलं काचेत कसं दिसतं." रंगाचे डाग पडलेला पायजमा, धुतलेला सदरा. क्लासच्या दारात त्यांनी चपला काढल्या, खरं तर तिथे कुणीच काढत नसे. फोनच्या तारेवर चालणारं ते इंटरनेट फार सावकाश होतं. चित्र वरून खाली पट्टीपट्टीने उतरे. आधी नुसती शिरोरेघ आली, मग तिच्याखाली हळूहळू अक्षरं लोंबू लागली. मामा पुटपुटले, "बराबर हाय. मीबी असंच लिहितो. आधी रेघ." आणि मग ते उठले, एक डोळा मिटला आणि मागे मागे चालू लागले. चालता चालता काचेच्या दाराला पाठ धडकली. सगळा वर्ग हसला. जालन्यातल्या दुकानदारांची मुलं-मुली होती ती, चांगल्या कपड्यांतली. मीही हसले.

सर माझ्या पडद्याशी आले. बराच वेळ बघत राहिले. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्या कामाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. "लेआउट छान आहे. आणि ही अक्षरं कुठून मिळवलीस?"

मी म्हणाले, "मीच काढली, सर."

हे मी ठरवून बोलले नव्हते. शब्द तोंडातून गेले, आणि गेल्यावर मी ते परत घेतले नाहीत. सरांनी दाराकडे बघून विचारलं, "हे कोण?" मी म्हणाले, "गावाकडचे आहेत. सोबत आलेत." मामा चार हातांवर उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी सरांना नमस्कार केला आणि चपला घालायला बाहेर गेले.

परतीच्या जीपमध्ये माझी त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. अंबड मागे पडल्यावर मी कशीबशी सुरुवात केली, "मामा, ते मी सरांना..."

"ताई, ते वेलांटीचं टोक बघितलं का तुम्ही?" ते मध्येच म्हणाले. "काचेत जरा तुटून राह्यलं. पुढच्या टायमाला जाड काढतो."

लहानपणापासून ते मला 'तू' म्हणत आले होते. त्या जीपमध्ये मी पहिल्यांदा 'तुम्ही' झाले. पुढे कधीच पुन्हा 'तू' झाले नाही.

क्लासने त्या वेबसाइटला पहिला नंबर दिला. सरांच्या ओळखीने पुण्याच्या एका छोट्या कंपनीत मला बोलावणं आलं. तिथेही लोकांनी अक्षरंच पाहिली, तिथेही मी तेच सांगितलं. दुसऱ्यांदा खोटं बोलणं सोपं गेलं, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. नोकरी लागली. मराठी शीर्षकं लागणारं काम आलं की मी शनिवार-रविवार गावी जायची आणि मामांना शब्दांची यादी द्यायची. ते कधी काही विचारत नसत. पुढच्या खेपेला शीटची गुंडाळी वर्तमानपत्रात बांधून तयार असे. मी मोबदल्याचं काढलं, की ते विषय बदलून चहा मागवायचे. कंपनीत माझं नाव झालं. एकदा साहेबांनी चारचौघांत मला अक्षर काढून दाखवायला सांगितलं, तेव्हा मी मनगट दुखतंय असं सांगून वेळ मारून नेली.

तोवर गावात फ्लेक्स आला. मशीनवर तासाभरात छापून मिळणारे बोर्ड, त्यावर हसणारे चेहरे आणि सोनेरी किनार. मामांची शिडी बरेचदा घराच्या भिंतीला टेकलेली दिसू लागली. एका दिवाळीला ते आमच्याकडे आले, हातात जाड चित्रकलेची वही. "मला शिकवाल का ताई, हे वेबसाइटचं? बनवणार मीच. तुम्ही निस्ते बाजूला बसा."

मी वही उघडली. त्यांनी कागदावर अख्खी वेबसाइट बांधून ठेवली होती. एकेक पान आखलेलं, कोपऱ्यात बाण आणि बाणाखाली सूचना, 'हितं बोट ठेवलं की पान सात.' त्यांना स्वतःची जाहिरात करायची नव्हती. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत प्रत्येक अक्षर कसं काढायचं, ब्रश कुठे टेकवायचा, कुठे उचलायचा, हे पायरीपायरीने दाखवलेलं होतं. "दोघी पोरी लग्न होऊन गेल्या," ते म्हणाले, "फ्लेक्समुळं आता कुणी हे शिकाया येत न्हाई. काचेत ठेवलं तर कुठंबी बसून कुणीबी शिकंल. उस्तादांचा हात हाय हा, माझ्यासंगं बंद पडू ने."

वडिलांसाठी मी पुण्याहून एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला होता. त्याच्यापुढे मी मामांना बसवलं. एका बोटाने, एकेक बटण शोधत, त्यांनी पहिलं पान लिहिलं. चित्र उमटेना. मी चूक दाखवायला हात पुढे केला, तर म्हणाले, "थांबा, सापडवतो." ओळीवर बोट ठेवून त्यांनी चूक शोधली, एक कंस राहिला होता. तो घातला आणि पडद्यावर त्यांचा 'अ' उभा राहिला. मामा म्हणाले, "आणखी दोन दिस बसलो तर मला बिलकुल जमंल."

मला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी वही पुण्याला घेऊन गेले. म्हटलं, मीच करून आणते, पुढच्या सुट्टीत बसून शिकवते. पुढच्या सुट्टीत काम निघालं, त्याच्या पुढच्या सुट्टीत लग्न ठरलं. वही कपाटात वरच्या फळीवर होती. फोनवर वडील सांगायचे, "पेंटर विचारत होता, पान कुठवर आलं म्हणून." मी म्हणायची, होत आलंय. एक पानही झालेलं नव्हतं. खरं कारण कामाचं नव्हतं. ती वेबसाइट लोकांसमोर गेली, की माझ्या कंपनीतला कुणीही ती अक्षरं बघून विचारलं असतं, ही तर तुझीच ना? मामांचं नाव जगापुढे यावं असं मला वाटत नव्हतं. हे तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

चार वर्षं गेली. एके सकाळी वडिलांचा फोन आला. मामा गेले. झोपेतच, हृदयविकाराचा झटका. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं म्हणून मी निघालेच नाही, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं. कपाटातून वही काढली, रजा टाकली आणि पानामागून पान स्कॅन करत बसले. चार वर्षं राहिलेलं ते काम चार दिवसांत झालं. मामांनी सगळं आधीच केलेलं होतं. मी फक्त त्यांच्या बाणांप्रमाणे पानं जोडत गेले. वर मोठ्या अक्षरांत त्यांचं नाव घातलं. मग कंपनीत साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी "ठीक आहे, आता काय" म्हणून फोन उचलला.

तेराव्यानंतर लॅपटॉप घेऊन मी मामींकडे गेले. मामा ज्या अंगणात रंग कालवायचे तिथे त्या ज्वारी पाखडत बसल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. मी एकेक पान उघडून दाखवलं. त्या पदराने डोळे टिपत बघत होत्या. "कित्ती देखणी अक्षरं काढली ताई तुम्ही."

"मामी, ही माझी नाहीत. ही मामांची. आणि पुण्यात ज्यांच्यावर माझं नाव झालं तीही सगळी त्यांचीच. मी लोकांना खोटं सांगितलं, माझी आहेत म्हणून. मामांच्या समोर सांगितलं."

मामींनी सूप खाली ठेवलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. "न्हाई ओ ताई. मला ठावं हाय ना. ते सांगायचे. अक्षरं ताई पेन्सिलीनं काढून धाडती, मी निस्ता रंग भरतो. ती वहीबी ताईनं सांगितलेलं उतरून घेतलीया म्हणायचे. साऱ्या गावाला सांगायचे, गुरुजींची ताई लई मोठी आर्टिस्ट झाली."

"ते खोटं सांगत होते मामी. माझ्यासाठी."

"ते कधी खोटं बोलले न्हाईत," मामी शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही मोठ्या मनाच्या म्हणून मेलेल्या माणसाला मान देऊन राह्यल्या." आणि त्यांनी शेजारच्या घरात हाक मारली, "ए शांताबाई, या बघायला. ताईनं आमच्या ह्यांच्या नावानं केलंय. अक्षरं ताईची हायेत बरं का, पर नाव ह्यांचं घातलंय."

चार-पाच बायका येऊन पडद्याभोवती बसल्या. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. क्लास, सर, जीप, काहीही न लपवता. त्या एकमेकींकडे बघून मान डोलवत होत्या. मी परत सांगितलं. जितक्या वेळा सांगितलं, तितक्या वेळा त्या बायकांच्या नजरेत मी आणखी मोठी होत गेले.